मुकादमाला कुणी सांगायचं

बोक्याचं नाव मुकादम. बाबांनीच ठेवलं होतं, कारण तो काडीचं काम करायचा नाही आणि सगळ्यांवर नजर मात्र ठेवायचा. बाबा वेल्डर होते. संध्याकाळी घरी आले की चामड्याचा हातमोजा न काढताच ते त्याच्याशी कुस्ती खेळायचे. मुकादम मनगटाला चारी पायांनी मिठी मारून कडकडून चावायचा. बाबा हसायचे.

बाबा गेले. तरी मुकादम रोज संध्याकाळी त्यांच्या यायच्या वेळी दाराशी यायचा आणि दिसेल त्या हाताला चावायचा.

दादा-वहिनी बाळाला घेऊन आमच्याकडे राहायला येणार होते. दादा फोनवर म्हणाला, "शास्त्रज्ञबाई, रविवारपर्यंत काय ते जमवा. नाहीतर त्याला माझ्या कामावरच्या गोदामात सोडून येईन. माझं पोर रांगतंय."

जनावरांच्या डॉक्टरांनी मुकादमाला तपासलं. दात ठीक, दुखणं काही नाही.

"हाताचं खेळणं कुणी केलं?"

"बाबांनी."

"चावला की हात ओढू नका, ओढला की त्याला शिकार वाटते. हात तसाच राहू द्या. त्यानं सोडला की उठून खोलीबाहेर जा. खेळायला दोरी द्या. आणि घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. एकानं जरी लाड केले तरी बाकीच्यांची मेहनत पाण्यात."

मी तसंच केलं. माझ्या हातावरच्या जखमा भरत आल्या. आईच्या मनगटावर मात्र रोज नवे व्रण असायचे. ती पदराखाली हात घ्यायची. मी विचारलं नाही. त्या दिवसांत आम्ही एकमेकींना फारसं काही विचारत नव्हतो.

शुक्रवारी प्रयोगशाळेतून लवकर सुटले. आई बाबांच्या खुर्चीत बसली होती. हात पुढे केलेला, त्याला मुकादम लटकलेला. आई भिंतीकडे बघत होती.

"आई, काय करतेस?"

"त्याची वेळ झाली होती."

"रक्त येतंय."

"येऊ दे. रोज दाराशी येऊन बसतो बिचारा. कुणीतरी खेळायला नको?"

"परवा दादा नेईल त्याला."

"माहीत आहे."

"मी त्याला रोज सांगते की बाबा येणार नाहीत. आणि तू सांगतेस, आलेत."

मी कापूस आणून दिला. तिनं तो नुसता हातात धरला.

शनिवारी संध्याकाळी मुकादम आला, आई बसलेल्या खुर्चीवर चढला आणि त्यानं तिच्या मनगटाला दात लावले. आईनं हात हलवला नाही. त्यानं पकड सोडली तशी ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. तो दाराबाहेर ओरडत राहिला.

आतून नळाचा आवाज आला. मग तोही थांबला.

दादाचा फोन आला. मी दाराबाहेरून विचारलं, "काय सांगू?"

"सांग, शिकतोय," आई आतूनच म्हणाली. "वेळ लागेल म्हणावं."