डावं पान

"बाई, हे नुसतं वाचायलाच मला महिना लागेल. मग शिकवू कधी?"

झुंबर गांगुर्डे सरांनी ती दोनशे पानी वही तळहातावर तोलून धरली होती, भाजीवाल्याने भोपळा धरावा तशी. मधल्या सुट्टीतला चहा येऊन गेला होता आणि चांगुणाबाई पगारे यांच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

"तोलू नका, उघडा," बाई म्हणाल्या. "चोवीस दिवसांचे चोवीस तास आहेत. उजवं पान मुलांसाठी. ते फळ्यावर लिहायचं. डावं पान तुमच्यासाठी. ते वाचायचं आणि मनात ठेवायचं. काय सांगितलं मी?"

"उजवं मुलांना, डावं मला."

"पुन्हा सांगा."

"बाई, मी काय पाचवीत आहे का?"

"पाचवीतल्या पोरांना मी दोनदाच सांगते. तुम्हाला तिसऱ्यांदा सांगतेय."

गांगुर्डे सर खेळाचे. शिट्टी गळ्यात, डोक्यात कायम खो-खोचा संघ. दहावी ब ला महिनाभर इंग्रजी शिकवायला शाळेला हाच माणूस सापडावा, याचं बाईंना आठ दिवस नवल वाटत होतं आणि नवव्या दिवसापासून डोकं दुखत होतं. पण दुसऱ्या इंग्रजीच्या सरांकडे आठवी-नववी खच्चून भरलेली. रिकामे तास होते ते फक्त गांगुर्डेंकडे. "बी.ए.ला इंग्रजी होतं ना तुमचं?" हेडमास्तरांनी विचारलं होतं. "होतं," सर म्हणाले होते, "पण आमचं फारसं बोलणं नव्हतं."

सगळी शिक्षकखोली हसली. बाई नाही हसल्या. हसायला त्यांना कुठे सवड होती?

कारण बदली तास म्हणजे काय, हे त्यांनी सतरा वर्षं पाहिलं होतं. मागे त्यांना टायफॉईड झाला तेव्हा चित्रकलेच्या सरांनी इंग्रजीच्या तासाला बारा दिवस फुलदाणीचं चित्र काढून घेतलं. सासूबाई गेल्या तेव्हा संस्कृतच्या सरांनी पोरांना मैदानावरचं गवत उपटायला लावलं, वर म्हणाले, शारीरिक श्रमाचं महत्त्व कळलं पोरांना! कळलं ना. मार्चमध्ये इंग्रजीत निम्मा वर्ग आपटला तेव्हा सगळंच कळलं. मराठी शाळेतलं पोर गणितात अडखळतं, विज्ञानात ठेचकाळतं, पण इंग्रजीत पडलं की पुन्हा उठत नाही. मुलगा असेल तर कुठल्या तरी कारखान्याच्या फाटकाशी उभा राहतो. मुलगी असेल तर विचारूच नका.

म्हणून तर दोन वर्षं त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं. गर्भाशयाची पिशवी काढायची होती. अंगावरून इतकं जायचं की शेवटच्या तासाला टेबल धरून उभ्या राहायच्या. दिवाळीनंतर डॉक्टरीणबाई चिडल्या. "पगारेबाई, शाळा तुमच्याशिवाय चालेल. तुम्ही मात्र अशाने चालणार नाही." त्यांनी दीड महिना विश्रांती सांगितली. बाईंनी घासाघीस करून ती एका महिन्यावर आणली. प्रेसमध्ये नोकरी करणारे त्यांचे यजमान लहानूराव शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही लवकर उरकलंत. आमच्याकडे भाजीवाली रडते."

मग बाईंनी टाचण लिहायला घेतलं. उद्या काय शिकवायचं ते आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवायचं, त्याला टाचण म्हणतात. बहुतेक मास्तर ते हेडमास्तरांच्या सहीपुरतं लिहितात. बाईंनी ते लिहिलं एखाद्या बाईने बाळाला पहिल्यांदा शेजारणीकडे ठेवून जाताना सांगावं तसं. उजव्या पानावर धडा, प्रश्न, पत्रलेखन, उतारा. डाव्या पानावर लाल शाईने मुलं. कोणाला उभं केलं की बोबडी वळते, कोणाला बसल्या जागी विचारावं. कोण कॉपी करतो आणि कोणाच्या वहीतली. कोणाचे वडील दिवाळीत वारले, म्हणून 'माझे वडील' हा निबंध देऊ नये.

आणि पहिल्याच डाव्या पानावर, तळाला: 'नवसा, शेवटचा बाक. हिच्यावर वेळ घालवू नये. ही यंदा पास होत नाही.'

लिहिताना त्यांचा हात अडखळला नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. बेचाळीस मुलं, चोवीस तास, समोर गांगुर्डे. काठावरची पंधरा पोरं वाचवायची तर कोणाला तरी सोडायला हवं, असा तो हिशोब होता. नवसा नाशिकबाहेरच्या मखमलाबादकडून यायची, सकाळी मळ्यात भाजी काढून. इंग्रजीच्या तासाला तिचा चेहरा असा व्हायचा की जणू बाई भिंतीशी बोलताहेत आणि मध्ये उगाच ही बसली आहे. तीन वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतून बाई दमल्या होत्या.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "आज वार कोणता?"

"गुरुवार," लहानूराव म्हणाले.

"म्हणजे चौथं पान."

"चांगुणा, तुझ्या पोटाला टाके आहेत."

"गांगुर्डेंनी पत्रलेखन घेतलं असेल का हो?"

"मी काय सायकल घेऊन त्यांच्या वर्गाच्या खिडकीशी उभा राहू?"

"राहाल?"

त्यांनी कपाळाला हात लावला. नाही म्हणाले नाहीत, पण गेलेही नाहीत.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाई पोटावर पट्टा बांधून शाळेत आल्या. थंडीने पोरं उन्हात भिंतीला चिकटली होती. पूर्वपरीक्षेला दहा दिवस होते. वर्गाची मॉनिटर सुला कातकाडे धावत आली. तिचा चेहरा अभिमानाने नुसता फुलला होता.

"बाई, पूर्ण वही झाली! चोवीसच्या चोवीस तास. एक ओळ नाही सोडली."

बाईंना भरून आलं. खरंच. त्यांनी मनातल्या मनात गांगुर्डेंची माफीसुद्धा मागितली. "आण सगळ्यांच्या वह्या," त्या म्हणाल्या.

पहिली वही सुलाचीच. अक्षर मोत्यासारखं. उजव्या पानावर धडा, प्रश्न, उत्तरं. डाव्या पानावर निळ्या शाईत, त्याच मोत्यासारख्या अक्षरात: 'शेवटून दुसऱ्या बाकावरचे दोघे एकमेकांची कॉपी करतात. दोघांनाही येत नाही.'

बाईंनी पान उलटलं. मग पुढचं. मग दुसरी वही उघडली, तिसरी उघडली. बेचाळीस पोरांबद्दल त्यांच्या मनात जे जे होतं ते सगळं त्या पोरांनी आपापल्या हातांनी समास सोडून उतरवून घेतलं होतं.

"गांगुर्डे सर!"

ती हाक मैदानापर्यंत गेली. सर शिट्टी काढूनच आत आले.

"बाई, जिल्ह्याचे सामने होते," ते उभ्यानेच सांगायला लागले. "संघ सोडून कसा येणार? आणि खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती. एखाद्या पोराने उलट विचारलं असतं तर? म्हणून वही पहिल्याच दिवशी सुलाकडे दिली. म्हटलं, बाईंनी लिहिलंय ते सगळं फळ्यावर लिही."

"उजवं आणि डावं?"

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग हळूच म्हणाले, "ते सांगायचं राहिलं."

"तीनदा सांगितलं होतं मी! तीनदा!"

"बाई, शिव्या घाला. पण पोरांनी एक दिवस दंगा केला नाही हो. एक दिवस नाही."

"आणि सुला, तू? तुला वाचता येत नव्हतं का काय लिहितेयस ते?"

सुलाचं सगळं फुलणं कोमेजून गेलं. "येत होतं बाई. सगळे म्हणाले, हे नको लिहूस. पण तुमचाच नियम आहे ना? फळ्यावर आलं की वहीत आलं पाहिजे, विचारायचं नाही. माझ्याबद्दल 'हुशार आहे पण शिष्ट' असं होतं. तेही मी लिहिलं."

आता कोणाला बोलणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. सतरा वर्षं छडी आपटून आपटून बाईंनी तो नियम पोरांच्या हाडात घातला होता, आणि पोरांनी तो त्यांच्या पाठीमागे एवढ्या इमानदारीने पाळला होता.

त्यांनी वह्या मोजल्या. एकेचाळीस.

"नवसाची कुठाय?"

"ती येतच नाही बाई. दुसऱ्या दिवसापासून."

हजेरीपटावर नवसाच्या नावापुढे एक हजर आणि त्यापुढे महिनाभर 'गै', 'गै', 'गै'. बोर्डाचा फॉर्म भरून झाला होता, पण पूर्वपरीक्षेला न बसलेल्या मुलीला हेडमास्तर मार्चमध्ये बसू देत नसत. दहा दिवसांत पोरगी वर्गात आली नाही तर शाळा संपली तिची. ती संपवली कोणी, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. लाल शाईत लिहिलेलं होतं.

संध्याकाळी लहानूरावांनी आदळआपट केली. टाके ओले आहेत, रिक्षा मखमलाबादला जाणार म्हणजे हाडं खिळखिळी होतील, उद्या मी निरोप देतो. बाई रिक्षात बसल्यासुद्धा होत्या. मग तेही बसले. दुसरं काय करणार?

मळ्यात कोथिंबिरीचा ढीग पडला होता आणि नवसा आईबरोबर जुड्या बांधत बसली होती. आई रंगूबाईंनी बाईंना पाहिलं आणि लगबगीने पोतं झटकून अंथरलं. रागावल्या नव्हत्या त्या. रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"बसा बाई. लय आजारी व्हत्या म्हनं तुम्ही? इतक्या लांब कशाला आल्या?"

"नवसाला न्यायला आले."

"आता कुठं?" रंगूबाई संकोचून हसल्या. "बाईनंच फळ्यावर लिव्हलं म्हंजी खरंच आसंल ना. मी हिच्या बापाला म्हनलं, बाईनं ईळेवर सांगितलं ते बरं झालं. फुकट जाया-यायाचा येळ. हितं हाताखाली येती, मदत व्हती."

"रंगूबाई, माझी चूक झाली."

"न्हाई हो बाई, तुमची कशी चूक?"

नवसा मान खाली घालून जुड्या बांधत होती. सुतळीचा वेढा, गाठ, जुडी बाजूला. हात विलक्षण सफाईने चालत होते. या हातांना वर्गात पेन धरताना घाम येतो, हे बाईंना आठवलं.

"नवसा, चल उद्यापासून."

"बाई, तुम्ही खोटं थोडंच लिहिलं?" ती वर न बघता म्हणाली. "मला येतच नाही ना."

"मग तेही उतरवून घेतलंस?"

"फळ्यावर होतं."

सतरा वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी पोत्यावर बसून एक जुडी बांधायला घेतली, ती सुटली. शेवटी उठता उठता त्या म्हणाल्या, "उद्याचा एक दिवस ये. नंतर नको येऊस. पण उद्या ये. फळ्यावर काही लिहायचंय." नवसा हो म्हणाली नाही. रंगूबाईंनी कोथिंबिरीची एक जुडी जबरदस्तीने पिशवीत घातली. नको म्हणायचं बाईंना धाडस झालं नाही.

परत येताना लहानूराव म्हणाले, "येईल गं ती."

"तुम्हाला काय माहीत?"

"काही माहीत नाही. बोललो."

दुसऱ्या दिवशी दहावी ब मध्ये बाई शिरल्या तेव्हा वर्ग इतका शांत होता की त्यांना कसंतरीच झालं. पोरं त्यांच्याकडे नवीन नजरेने पाहत होती. राग होता त्यात, थोडी गंमत होती, आणि भीती तर जुनीच. शेवटच्या बाकावर कोपऱ्यात नवसा बसली होती. दप्तर मांडीवर, म्हणजे केव्हाही उठून जाता यावं असं. गांगुर्डे सरही अपराध्यासारखे दाराशी उभे होते.

एकेकाची माफी मागावी, असं बाई रात्रभर ठरवत होत्या. पण शब्द तोंडाशी आले की त्यांचं भाषण व्हायला लागायचं, आणि भाषणाचा त्यांना स्वतःलाच वैताग आला होता. त्यांनी खडू घेतला. टाके ओढत होते म्हणून हात फार वर जाईना. फळ्याच्या मधोमध त्यांनी लिहिलं:

'चांगुणा केदू साळवे, विंचूर. मॅट्रिक १९५५. इंग्रजी, शंभरपैकी अठरा. नापास.'

खाली दुसरी ओळ:

'मॅट्रिक १९५६. इंग्रजी, शंभरपैकी सत्तावीस. नापास.'

ही गोष्ट नाशकात एका लहानूरावांशिवाय कोणाला माहीत नव्हती. हेडमास्तरांनाही नाही. इंग्रजीच्या बाईने असली गोष्ट सांगायची असते का? दाराशी गांगुर्डे सरांनी तोंडाचा आ केला आणि तसाच ठेवला.

वर्गाला आधी कळेना. चांगुणा केदू साळवे कोण? मग पुढच्या बाकावर कोणीतरी कुजबुजलं, "बाईंचं माहेरचं नाव." ती कुजबुज बाकाबाकावरून मागे गेली आणि शेवटच्या बाकाशी थांबली. बाई पाठमोऱ्याच उभ्या होत्या. वळायची हिंमत होत नव्हती.

मग मागे वह्या उघडल्याचा आवाज आला. पेनं चालायला लागली. नियम तो नियम.

"बाई," सुलाने भीतभीत विचारलं, "पुढं?"

"पुढचं आत्ता नाही. दोन ओळी मोकळ्या सोडा."

बाई वळल्या. बेचाळीस माना खाली होत्या. शेवटच्या बाकावर नवसाने दप्तर मांडीवरून काढून खाली ठेवलं होतं. तिने पट्टी घेतली, वहीत मोजून दोन ओळी सोडल्या आणि पेनाला टोपण न लावता ती फळ्याकडे बघत बसली.