फडक्याची गाठ

बयनाबाईंनी सुनेच्या डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं आणि दोन्ही कानांवरून घेऊन पुन्हा गच्च आवळलं.

"आई गं!" मयूरी कळवळली.

"दुखू दे. वारं शिरलं का बाळंतीण हातची जाते. तेजस्विनीच्या वक्ती माह्या हातची गाठ ढिली राह्यली होती."

नणंदेचा फोटो समोरच्याच भिंतीवर होता. डोकं दुखतं, डोकं दुखतं म्हणत तेजस्विनी बाळंतपणात गेली. तेव्हापासून बयनाबाई प्रत्येक गाठ घट्ट मारत. मग ती बैलाच्या दाव्याची असो की मिठाच्या पुडीची.

बाजेखाली निखारे, दार लावलेलं, अंगाला नुसता घाम. मयूरी कुशीवर वळली, उठून बसली, परत आडवी झाली. डोळ्यांपुढे मुंग्या चालल्यासारखं होत होतं. पोटुशी असताना तिला बीपीच्या गोळ्या होत्या. बाळ झालं आणि गोळ्या कोनाड्यात गेल्या. बाळंतपणाचं दुखणं बाळंतपणाबरोबर संपतं, असा घरात सगळ्यांचा समज; तिचाही. जो तो येऊन बाळाचं वजन विचारी. तिला मेलं कोण विचारतंय!

दार ढकलून सपना आत आली. ती गावची आशाताई, बाळाला बघायला आलेली. बाळ बघून झालं, पण तिची नजर मयूरीवर अडकली.

"डोळे काऊन असे सुजले गं?"

"काही नाई, ताई. सकाळपासून डोकं ठणकून राह्यलं."

सपनानं पिशवीतून मशीन काढून तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहिला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला. मग बेला गावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि दोनच वाक्यं बोलून ठेवला.

"गोळ्या कोणं बंद केल्या?"

"म्या," बयनाबाई म्हणाल्या. "लेकरू झालं, आता कायले पाह्यजेत? दुधात उतरतात."

"लेकरू झालं, पण बीपी कुठं गेला, मावशी? आत्ताच्या आत्ता न्या लागते हिले. अन् मंग दर महिन्याले दाखवा लागन. लेकरू शाळेत जाऊ लागलं तरी."

"सव्वा महिना झाला नाई अजून. वेशीबाहेर नाई जात ती. भायेर वारं हाये."

"वाऱ्यानं नाई दुखत तिचं डोकं!" सपनाचा आवाज चढला. "बीपीनं दुखून राह्यलं. असंच राह्यलं तर झटके येतात, बाई जाते. फडकं कितीबी घट्ट बांधा!"

बोलून गेली आणि सपनानं जीभ चावली. फोटो समोरच होता.

बयनाबाई बाजेवर बसल्या. त्यांनी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि गाठ सोडायला घेतली. नखांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडली.

"पंढरी," त्यांनी अंगणातल्या मुलाला हाक मारली, "आटो आण!"

सपनालाही घेऊन आटो वेशीबाहेर पडला. मयूरीचे मोकळे केस वाऱ्यानं उडत होते, पण बयनाबाईंनी ते झाकले नाहीत. त्यांच्या मांडीवर बाळ झोपलेलं, त्यांच्याच मुठीत फडकं. दवाखाना दिसायला लागला तेव्हा त्या सपनाकडे वाकल्या.

"सपना, मंग तेजूची गाठ... ढिली नव्हती?"

"नाई, मावशी. गाठीनं नाई गेली ती."

बयनाबाईंनी मुठीतलं फडकं तोंडात कोंबलं. मांडीवरचं बाळ जागं झालं असतं.