राहिलेली गोष्ट

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण खणकन पडलं आणि सुट्टीच्या दुपारची सामसूम मोडली.

"मांजर आलं वाटतं," आईशेजारी लवंडलेली नणंद डोळे मिटूनच म्हणाली.

"मांजर नाही, मी आहे," तोंडात खाऊ कोंबून ठमी बाहेर आली. "आत्या, वाचू ना?"

"आता नको गं, झापड आलीय. आईला वाचून दाखव."

"आईला नको. ती मोजते."

नणंद हसली. "ऐकलंस ना वहिनी? पिकतं तिथं विकत नाही." कूस बदलून ती घोरायलाही लागली.

आईला हसू आलं नाही. शाळाशाळांतून फिरून मुलांचं वाचन तपासायचं, हे तिचं काम. मूल समोर बसलं की मिनिटात किती शब्द वाचतं ते मोजायला ती घड्याळ लावायची. चुकलेल्या शब्दावर रेघ. कपाळाला आठी नाही की शाबासकी नाही. मिनिट झालं की, "छान. थांब." पुढचं मूल. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांचे आवाज कानात साठवून ती घरी यायची, तोवर ठमीची गोष्ट आत्याजवळ वाचून संपलेली असायची. एकदा ठमी वाचायला बसली, तर हिच्या हातानं आपसूक पेन्सिल उचलली. तेव्हापासून आईपुढे ठमीच्या तोंडाला कुलूप. लेकीचं एक पान आपल्या वाट्याला यावं, एवढंच तिला हवं होतं.

"हे बघ," तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. "घड्याळ पण काढलंय."

ठमीनं वाकून खात्री केली. "बरं."

गोष्टीतलं करडू टेकडीवर वाट चुकलं होतं, आपल्या आईच्या गळ्यातली घंटा शोधत होतं. 'किणकिणाट'वर ठमी अडखळली. आईनं ओठ घट्ट मिटले. ठमी मागे गेली, शब्द फोडला, जोडला आणि पुढे निघाली. वाचताना तिच्या पायाचा अंगठा हलत होता. आत्याला हे रोज बघायला मिळतं, आईच्या मनात आलं. डोळे मिटून ती नुसती ऐकत राहिली.

"छान. थांब."

कोण बोललं, ते तिला क्षणभर कळलंच नाही. मिनिट अंगातच मुरलं होतं.

ठमीनं पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. रागावली नाही, तेच आईला जास्त लागलं.

"चुकून गेलं गं तोंडातून. वाच ना पुढे, राणी."

"शाळेतल्या मुलांना पण असंच थांबवतेस?"

"हो."

"करडू टेकडीवरच असलं तरी?"

"हो गं."

ठमीनं पानातल्या बोटाकडे पाहिलं.

"मग त्यांची राहिलेली गोष्ट कोण ऐकतं?"