सरळ केसांचं स्थळ

“मान काढून घ्यायची खोडच हाय हिला,” चतुराबाई म्हणाली. “कान टोचायला सोनार आल्ता तवा काढली, आता लगीन जमायची येळ आली तर इथं बी तेच.”

तिनं नातीची हनुवटी चिमटीत धरून पुढं ओढली आणि सुनेला डोळ्यानं खूण केली. मथुरानं केसांची बोटभर बट विंचरून ताणली, मशीनच्या दोन तापल्या पट्ट्यांत धरली आणि हळूहळू खाली ओढत नेली. चर्र झालं. वाफ निघाली, करपल्या खोबरेलाचा वास स्वयंपाकघरात पसरला. वरच्या अंगाला गुंतवळ वाटणारी बट खालच्या अंगानं दोऱ्यासारखी सरळ निघाली. दुसऱ्या बटेला मात्र तृप्तीनं पुन्हा मान काढून घेतली आणि पट्टी कानामागं टेकली.

“बसला का चटका?” मथुरानं हात मागं घेतला.

“बसंल न्हाई तर काय,” चतुराबाई म्हणाली. “हाललं की चटका बसतोच. मशीन काय डोळे लावून बसलंय?”

तृप्ती कानामागं बोट दाबून बसून राहिली.

रात्रीपासून घरात हेच चाललं होतं. आधी चतुराबाईच्या पद्धतीनं करून पाहिलं. ओले केस डोक्याभोवती आवळून गुंडाळायचे, वरून फडकं करकचून बांधायचं आणि तसंच निजायचं. सकाळी फडकं सोडल्यावर केस घटकाभर गपगुमान राहिले आणि मग एकेक करून उठून बसले. मग मथुरानं पाटावर चादर अंथरून पोरीचं डोकं आडवं ठेवलं, केसांवर पेपर पसरला आणि कपड्याची इस्त्री फिरवली. टोकं सरळ झाली, पण मुळापर्यंत इस्त्री जाईना. शेवटी गल्लीतल्या पार्लरवालीकडून हे मशीन मागून आणलं. देताना ती म्हणाली होती, पाण्यापासून तेवढं जपा. ओली हवा लागली तरी केस पुन्हा जिथल्या तिथं.

केस होते चतुराबाईचे. पोरगी आजीवर गेली असं सगळी गल्ली म्हणायची, पण ते नाकावरून आणि बोलण्यातल्या ताठ्यावरून. केसांचं कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. लग्न होऊन परतूरला आल्यापासून चतुराबाईच्या डोक्यावरचा पदर कधी खाली आला नव्हता. लोक त्याला अदब म्हणायचे. तिनंही कुणाचं तोंड धरलं नाही.

तृप्ती तिशीला टेकली होती. रोज सकाळच्या रेल्वेनं जालन्याला जायची, एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत. ओल्या कागदात बी ठेवायचं आणि किती उगवलं ते बघायचं, हे तिचं काम. स्थळं यायची, चहा-पोहे घ्यायची, आणि पुढं निरोप यायचा की पोरगी चांगली हाय, पण केस लई राठ. एकानं तर फोनवर जट म्हटलं होतं. आता दोनच दारं उरली होती. एक आजचं, जालन्याचं. मुलगा सोमेश्वर लोखंडाच्या कारखान्यात सुपरवायझर, घर स्वतःचं. दुसरं दार अंकुशनगरच्या बिजवराचं. त्याच्या लेकाला मिसरूड फुटलं होतं. चतुराबाईचा लेक भुजंग त्याला हो म्हणायला तयार बसला होता. आजचं जमलं नाही तर उद्या अंकुशनगरला निरोप धाडतो, असं त्यानं काल जेवताना सांगून टाकलं होतं.

“माझी नात काय मोंढ्यातला उरलासुरला माल हाय?” चतुराबाई म्हणाली होती, आणि ताट सारून उठली होती.

म्हणून आज तिनं सगळं आपल्या हातात घेतलं. पोह्यात शेंगदाणे किती, इथपासून. आणि भुजंगला बजावलं, “कुलरमधलं पाणी बंद ठेवायचं. नुसता पंखा फिरू दे.”

“मे महिना हाय, माय. पाहुणे भाजून निघतील.”

“निघू दे. तासाभरात कुणी मरत न्हाई.”

पाहुण्या भर दुपारी आल्या. मुलाची आई आणि थोरली सून वंदना. मुलगा ड्यूटीवर होता, तो सुटी झाली की परस्पर संध्याकाळी येणार होता. आई अंगानं भरलेली, बोलायला गुळासारखी. वंदना मात्र डोक्यावर पदर घेऊन सासूच्या शेजारी बसली ती चहाच्या कपाकडंच बघत.

तृप्तीला पाटावर बसवलं, पूर्वेकडं तोंड करून. ही रीत चतुराबाईनंच घरात धरून ठेवलेली. कुलर पश्चिमेच्या खिडकीत होतं, म्हणजे पोरीच्या बरोबर पाठीमागं. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा पोरगी बसली होती, आणि पाटावरून मधेच उठवणं बरं नव्हे. पाणी बंद आहे, असं तिनं मनाशी म्हटलं.

“मावशी, हे कुलर हाय का भट्टी?” मुलाची आई पदरानं वारा घेत हसली.

भुजंग शरमला. नवं कुलर होतं, गल्लीत सगळ्यात मोठं. चतुराबाईनं हात उचलायच्या आत त्यानं पाण्याचं बटण दाबलं. मोटर गुरगुरली, गवताच्या जाळ्यांवरून पाणी निथळू लागलं आणि ओलसर गार झोत खोलीत आला.

“हां, आता कसं,” मुलाची आई म्हणाली आणि मांडी मोकळी केली.

मग विचारपूस सुरू झाली. नाव, शिक्षण, स्वयंपाकात काय काय येतं. चतुराबाईचं त्यात लक्ष नव्हतं. चुलीवरच्या दुधाकडं बघावं तशी ती नातीच्या केसांकडं बघत होती.

“नोकरीचं कसं करायचं मंग? आमच्याकडं सुना बाहेर जात न्हाईत.”

“ते तुम्ही म्हणाल तसं,” भुजंग म्हणाला.

तृप्तीनं आजीकडं पाहिलं. आजी तिच्या कानामागं बघत होती. तिथं एक केस वळला होता. मग त्याच्या शेजारचा. मग भांगाच्या दोन्ही अंगांनी, पावसात गवत वर यावं तसे, सगळेच हळूहळू उठू लागले.

“उकाडा लई,” चतुराबाई म्हणाली. “घामानं जरा असं व्हतंय.”

“एवढ्या गार वाऱ्यात घाम कशाचा, मावशी?”

मुलाची आई उठली. तिनं तृप्तीच्या पाठीवरची एक बट दोन बोटांत धरून ताणली आणि सोडून दिली. बट जागच्या जागी वळून बसली. दारात मथुरानं पदर तोंडाला लावला. चतुराबाईनं जिभेला धार लावून ठेवली होती. केसांशी लगीन लावायचं का पोरीशी, एवढं ओठावर आलं होतं.

पण पाहुणी हसली.

“लपवायचं काय त्यात? आमच्या वंदनाचे याहून वंगाळ व्हते. आज बघा.”

सगळ्यांनी वंदनाकडं पाहिलं. पदराखालून तिची वेणी पाठीवर उतरली होती, गवंड्याचा ओळंबा सोडावा इतकी सरळ. वंदनानं मान वर केली नाही.

“पोरगी आम्हाला पसंत हाय. हुंड्याबिंड्याचं नाव काढू नका. पण सोमेश्वरानं फोटोत चापून बसवलेले केस पाह्यलेत, त्याला ते सरळच वाटतात. तो येईस्तवर तेवढं बराबर करून घ्या. अन् पुढं बी तसेच ठेवायचे. एवढंच आमचं म्हणणं.”

भुजंगनं हात जोडले. चतुराबाईला वाटलं, जिंकलं. अंकुशनगरच्या तोंडावर दार आपटल्याचा आवाज तिला ऐकू आला.

“लाखातलं बोललात, इहीणबाई,” ती म्हणाली.

“जाय गं वंदे, करून दे तिला जल्दी.”

स्वयंपाकघरात मथुरा मशीनचा प्लग शोधू लागली. वंदना म्हणाली, “असू द्या काकू.” तिनं आपली पर्स उघडली, रुमालाखालून स्वतःचं मशीन काढलं. वायर नीट गुंडाळून रबर लावलेली होती.

“मी संगच ठेवते,” ती म्हणाली.

मथुरा फराळाचं बघायला बाहेर गेली. पाहुणीला एकटं कसं सोडायचं, म्हणून चतुराबाई उंबऱ्यात टेकली. वंदनाचा हात बघण्यासारखा होता. सासूसमोर मान वर न करणारी ही बाई इथं मात्र कुणाला विचारत नव्हती. बारीक बट घ्यायची, कंगवा पुढं, मशीन त्याच्यामागं, मधे एक सूत अंतर. उकडायला लागलं तसा तिनं डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला आणि वेणी वर गुंडाळून तिला चाप लावला.

तिची मान उघडी झाली. कानामागून खाली मानेपर्यंत तपकिरी डाग होते. आडवे, पट्टीएवढे, एकाखाली एक. काही जुने होऊन फिके पडलेले, एकावर अजून खपली होती.

“हालायचं न्हाई,” वंदना तृप्तीला सांगत होती. “श्वास धरायचा. हाललं की चटका बसतो. पह्यलं साल लई जातं. मंग तेवढं कळत न्हाई.”

चतुराबाईनं उंबऱ्यावर हात टेकला. “रोज करावं लागतं?”

“रोज न्हाई, आजी. डोक्यावरून पाणी घेतलं की. पावसाळ्यात मातर रोज. सगळे उठायच्या आत.”

“नवरा काय म्हणतो?”

वंदनाचा हात थांबला नाही. “त्यांनी कुठं पाह्यलेत माझे केस.”

चतुराबाईचा हात आपोआप स्वतःच्या पदराकडं गेला. पदर जागच्या जागी होता. तिच्या धन्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानंही पाहिले नव्हते.

मशीन चर्र करत खाली येत होतं, वर जात होतं. तृप्ती समोरच्या डब्यांकडं बघत बसली होती. तिनं मान काढून घेतली नाही. एकदाही नाही.

“झालं का गं?” बाहेरून हाक आली.

पसंतीचा नारळ घरातल्या थोरल्या हातानं द्यायचा असतो. भुजंगनं तो चतुराबाईच्या हातात ठेवला. तृप्तीच्या कपाळावर कुंकू होतं, पाठीवर केस रेघेसारखे पडले होते. कुलर जोरात चालू होतं, पण आता तिला कडेला, झोताबाहेर बसवलं होतं. सगळे चतुराबाईकडं बघत होते. याच खोलीत तिनं एका तलाठ्याला पाणी न पाजता उठवलं होतं. भावकीतल्या बाप्यांना एका वाक्यात गप केलं होतं. वाक्य आताही होतं. तिनं वंदनाकडं पाहिलं. वंदना पुन्हा पदर घेऊन सासूच्या मागं उभी राहून फरशीकडं बघत होती. मग अंकुशनगरचा बिजवर चतुराबाईच्या डोळ्यांपुढं येऊन उभा राहिला, मिसरूड फुटलेल्या लेकासकट.

तिनं नारळ दिला.

पाहुण्या संध्याकाळपर्यंत गावातल्या एका नातलगाकडं जाऊन यायला निघाल्या. चपला घालता घालता वंदना मागं फिरली आणि आपलं मशीन चतुराबाईच्या हातात देऊन म्हणाली, “राहू द्या. हिला लागंल. माझ्याकडं दुसरं हाय.” मशीन अजून कोमट होतं.

भुजंग पेढे आणायला गेला. मथुरा बाहेरच्या खोलीत माहेरी फोन लावून मोठ्यानं बोलत होती, हुंडा नको म्हणाले, घर स्वतःचं हाय. चतुराबाई वाटीत तूप घेऊन आत आली. तृप्ती केस केले त्या स्टुलावर येऊन बसली होती, मशीन अजून मानेशी असावं तशी ताठ.

चतुराबाईनं तिचा कान पुढं वळवला आणि सकाळच्या चटक्यावर तुपाचं बोट लावलं. फोड आला होता. तिनं बोट जरा दाबलं. मान हालली नाही. तिनं आणखी दाबलं.

“दुखतंय?”

“न्हाई.”

बाहेर कुलर गुरगुरत होतं.

“कंपनीत सांगायला जायला पाह्यजे,” तृप्ती म्हणाली. “मी बियाणं भिजत घातलंय. कागद सुकला तर सगळं वाया जाईल.”

चतुराबाईनं बोट पदराला पुसलं. वाटी खाली ठेवली. नातीच्या पाठीवरचे केस एकदा हातात घेऊन पाहिले. ते हातात राहत नव्हते, घसरून जात होते.

“सकाळधरून मान काढून घेऊन राह्यलीस,” ती म्हणाली. “मान काढून काय व्हतंय? काढायचा तर पाय काढायचा व्हता, बाई. आता बस सरळ.”