बद्द वाजलेला ठोका

माझ्या लेकीचे, थोरलीचे, पणजोबा लोहार होते. लाकडी चाकांवर लोखंडी धाव चढवीत. आजोबांनी तीच भट्टी राखली. वडिलांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, भट्टी मोडून गॅरेज उभारले. पणजोबांची हातोडी तेवढी टिकली. यजमानांच्या मागे गॅरेज थोरली चालवते; जुनी गाडी विकत घेण्यापूर्वी त्याच हातोडीने सांगाड्यावर ठोके देते. निरोगी लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते.

एकाच माणसाच्या गाडीला ही हातोडी लावायची नाही, असा माझा दंडक होता. सव्वीस वर्षांपूर्वी जॅक निसटला, तेव्हा शेजारच्या टायरवाल्याने यजमानांना ओढून बाहेर काढले आणि स्वतःची दोन बोटे गमावली. तेव्हापासून ते माझे भाऊजी. त्यांच्या शब्दावर संशय घेणे आणि त्यांच्याकडून मजुरी घेणे, दोन्ही या घरात वर्ज्य.

पुढे ते उताराखालच्या वस्तीत राहायला गेले. एका दुपारी ते आपली निळी गाडी विकायला आले. मागच्या सीटवर त्यांची चार वर्षांची नात झोपली होती.

"दोन महिन्यांपूर्वीच घेतली, वहिनी. पण गुडघे क्लच दाबू देत नाहीत. थोरलीलाच देऊन टाकतो."

थोरलीने पुढचा कोपरा दाबून सोडला. गाडी तीनदा उसळली.

"नाचते की हो, काका."

"या वयात एवढी हौस मला असती तर काय हवं होतं."

ती हसली नाही. वाकून तिने खाली पाहिले. सगळीकडे ताजा काळा रंग. मला बाजूला घेऊन ती कुजबुजली, "आई, जुन्या गाडीचं पोट इतकं नवं नसतं. नको म्हणून सांगू?"

हो म्हणणे सोपे होते. त्यांचा मान राहिला असता, माझा दंडकही. आणि भाऊजी त्याच गाडीतून, नातीला घेऊन, उतार उतरले असते.

"नातीला बाहेर काढा, भाऊजी," मी म्हणाले. "लेकी, हातोडी घे."

त्यांचा चेहरा पडला. "माझ्या गाडीला?"

"तुमच्याच."

त्यांनी झोपलेल्या नातीला उचलून खांद्यावर घेतले. थोरलीने गाडी जॅकवर उचलली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या आणि आत सरकली. तिचे फक्त पाय दिसत होते. याच फरशीवर यजमानांचेही असेच दिसले होते. पहिला ठोका खणखणला. दुसराही. तिसरा बद्द. चौथ्याला रंगाचा पापुद्रा फुटून मूठभर लाल भुगा सांडला. तिने तिथे टोचलेला पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

"बाहेर ये."

ती आली. घोड्या काढून तिने गाडी हळूहळू खाली टेकवली. बद्द वाजलेल्या कोपऱ्यावर भार येताच कडाडून आवाज झाला. स्प्रिंगने वरचा पत्रा फाडला आणि चाक आत कलले.

नात जागी होऊन रडू लागली. भाऊजींनी तिला तीन बोटांच्या हाताने छातीशी धरले. मग वाकून त्या कललेल्या चाकाकडे पाहिले.

"तपासणीचे किती झाले?" त्यांनी विचारले.

थोरली नेहमीप्रमाणे नकाराची मान हलवू लागली.

"सांग," मी म्हणाले. "जो दर आहे तो. एक पैसा कमी नको."

तिने सांगितले, त्यांनी दिले, तिने घेतले.

"दोन बोटांचं फिटलं, वहिनी," भाऊजी नातीला थोपटत म्हणाले.