आठ पट्टे

विद्यापीठाचा धावपटूंचा संघ उभा करायला किती बैठका लागाव्यात? मला विचाराल तर एक. आमच्या समितीला बारा लागल्या, आणि त्यातल्या तीन नुसत्या जर्सीच्या रंगावर गेल्या. मी तिथली क्रीडाशिक्षिका, बावीस वर्षं मैदानावर शिट्टी फुंकतेय. बाकीचे सहाजण शाळा सुटल्यापासून बसमागेसुद्धा धावले नसतील, पण धावपट्टी कशी असावी हे मला शिकवायचे. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या किती! बोधचिन्हावर गरुड हवा की घोडा, यावर भाषेच्या प्राध्यापकांनी एकदा पाऊण तास खाल्ला. अध्यक्षांना आम्ही पाठीमागे ‘तत्त्वतः’ म्हणायचो. ते सगळंच तत्त्वतः मान्य करायचे, आणि मग ते जिथल्या तिथे पडून राहायचं.

मला घाई होती ती ताईच्या मुलीसाठी. पोरगी आमच्याच विद्यापीठात शिकते, आठशे मीटर धावते. तिला पहिल्यांदा बूट मीच बांधून दिले. गेल्या वर्षी परगावच्या एका विद्यापीठाने तिला आपल्या संघात बोलावलं होतं. भावजी नाही-होय करत कसेबसे तयार झाले होते, बॅगसुद्धा माळ्यावरून खाली आली होती. मीच मध्ये तोंड घातलं. म्हटलं, कशाला घर सोडतेस, वर्षभरात इथेच संघ उभा करते, मावशीचा शब्द आहे. ती थांबली. आता तिचं शेवटचं वर्ष होतं, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

यंदाच्या विद्यापीठ स्पर्धांत संघ उतरवायचा तर क्रीडा महासंघाकडे अर्ज पंधरा तारखेच्या आत जायला हवा होता, सोबत समितीचा कायम झालेला ठराव. आणि आमच्याकडची गंमत अशी, की ठराव आज मंजूर झाला तरी पुढच्या बैठकीत त्याचं इतिवृत्त वाचून कायम होईपर्यंत तो नसल्यात जमा. बैठक महिन्यातून एकदा. अकरावी बैठक होती बारा तारखेला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ती अशी.

वाट काढली ती कुलसचिवांनी. फारसं न बोलणारा माणूस, पण कामाचा. त्यांनी अध्यक्षांना गोडीगुलाबीने पटवलं, की ठराव झाल्या झाल्या इतिवृत्त तिथेच लिहू, तिथेच वाचू आणि तिथेच कायम करू. अध्यक्ष हो म्हणाले, तेही चक्क तत्त्वतः न म्हणता. मला आत येताना कुलसचिव हळूच म्हणाले की आज फक्त मान डोलवा.

ठराव झाला. हात वर झाले. लिपिकबाईंनी भराभर इतिवृत्त लिहिलं आणि वाचायला घेतलं. सगळं ठीक चाललं होतं. मग त्या वाचून गेल्या, की मैदानावर सहा पट्ट्यांची धावपट्टी करण्यात यावी.

सहा! आठ पट्ट्यांसाठी मी आठ महिने भांडले होते. मैदान स्वतः टेप धरून मोजलं होतं, वाहनतळवाल्यांशी वैर घेतलं होतं. बाईंनी जुन्या मसुद्यावरून उतरवलं असणार, हे मला कळत होतं. पण डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. कुलसचिव टेबलापलीकडून डोळ्यांनी ‘सोडा, सोडा’ म्हणत होते. मी उभी राहिले आणि माझा आक्षेप नोंदवून घ्या म्हटलं. सहा पट्ट्यांवर शाळेतली पोरं धावतात, हेही म्हटलं, आणि तुमच्यापैकी कोणी कधी घाम गाळलाय का, हेही.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. “आक्षेप आला,” ते म्हणाले, “म्हणजे दुरुस्ती आली. दुरुस्ती नियमाने पुढच्या बैठकीत.”

मी लगेच म्हटलं, राहू द्या सहा, चालेल. मागे घेते म्हटलं. हात जोडले. ते म्हणाले आता नोंद झाली, आणि चहा मागवला. पुढच्या महिन्यात इतिवृत्त दुरुस्त होऊन कायम झालं, टाळ्या वाजल्या. वरातीमागून घोडं. संघ पुढच्या वर्षीपासून.

त्याआधी, त्या बारा तारखेच्या संध्याकाळीच मी ताईकडे गेले होते. वाटेत सहाही जणांचा उद्धार करून झाला होता. पोरगी पायरीवर बसून बुटांना लागलेली माती खरवडत होती. मी सगळं सांगितलं, लिपिकबाईंपासून चष्म्यापर्यंत, आणि सांगता सांगता पुन्हा चिडले. आठाचे सहा करतात म्हणजे काय!

तिने सगळं ऐकून घेतलं. भांडली नाही, रडलीही नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“मावशी,” ती म्हणाली, “आठशेला पहिल्या वळणानंतर सगळ्याजणी आतल्याच पट्ट्यात येतात ना? तूच शिकवलंस.”

मी हो म्हटलं.

“मग मला एकच पुरला असता गं.”

तिने बूट उचलले, तळ एकमेकांना लावून खोक्यात ठेवले आणि खोकं माळ्यावर टाकायला स्टूल आणायला आत गेली. स्टूल मीच धरलं.