पिवळीची जागा

आमच्या घरात गाडी तळमजल्यावर राहते आणि आई वरच्या मजल्यावर. मधे अठरा पायऱ्या आहेत. गाडीला त्या चढाव्या लागत नाहीत.

आईची फुप्फुसं तिच्या वयापेक्षा बरीच म्हातारी आहेत. आठवड्यातून एकदा तिला इस्पितळात न्यावं लागतं. जाताना ती गप्पा मारत उतरते आणि येताना सातव्या पायरीवर बसते. मग मी वरून उशी आणून तिच्या पाठीशी देते. बेतीना, माझी दीड वर्षाची लेक, शेजारी बसते आणि आजीसारखाच ओठांचा चंबू करून फूऽऽ करत श्वास सोडते. तिला तो खेळ वाटतो. आई तिला खेळू देते, मधे मधे तिचं चुकलं तर सुधारतेसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी मार्चमध्येच आईबद्दल स्पष्ट सांगितलं होतं, "दोना झोराइदेंना आता खाली झोपवा. जिना बंद." खाली मोरी आहे, नळ आहे, रस्त्याकडे उघडणारं मोठं दार आहे आणि त्या दारातून समोरचा पाववाला दिसतो, त्याची गिऱ्हाइकं दिसतात, म्हणजे आईला दिवसभराची करमणूक. पलंग बसला असता, बाजूला प्राणवायूचं यंत्र बसलं असतं. फक्त तिथं पिवळी होती.

पिवळी म्हणजे बाबांची गाडी. दोघांनीच बसायची, बुटकी, लांब नाकाची, इंजिन मागं. ऐंशी साली इथंच, आमच्या साओ बेर्नार्दो शहरात, एका छोट्या कारखान्यात तयार झालेली. तो कारखाना बंद होऊन जमाना झाला. तिचं अंग पत्र्याचं नाही, फायबरचं. साच्यात काचतंतूंची चादर पसरायची, वरून रेझिन ओतायचं, ब्रशनं दाबून दाबून आतली हवा काढायची. हे काम बायका करायच्या. आईनं ते एकोणिसाव्या वर्षापासून तीन वर्षं केलं. कोपरापर्यंत खाज आणि छातीत तो वास, जो अजून गेलेला नाही असं ती म्हणते.

त्या बायकांची एक चोरटी रीत होती. मुकादमाची पाठ वळली की ओल्या रेझिनमध्ये प्रत्येकीनं आपली खूण दाबायची, आतल्या बाजूला, पुढं कापडाखाली किंवा काळोखात जाईल अशा जागी. कुणी कानातलं दाबायची, कुणी नाणं. आई कामाच्या झग्याचं चार भोकांचं बटण दाबायची.

हे बाबांना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. पुढं त्यांनी पिवळी घेतली तेव्हा ठरवून टाकलं, की हिचा टप झोराइदेनं केलाय. कशावरून, ते देव जाणे. आईच्या जुन्या झग्याचं तसलंच एक बटण त्यांनी किल्लीच्या कडीला बांधलं. रविवारी जेवायला कुणीही आलं की काळ्या घेवड्याचं पातेलं टेबलावर यायच्या आत पाहुण्याला खाली न्यायचे आणि टपावर तळवा ठेवून सांगायचे, "ह्याच्या आत माझ्या बायकोचं बटण उमटलंय. चाळीस वर्षं मी तिच्या हाताच्या सावलीत गाडी चालवतोय." पाहुण्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या. वरून आईची हाक यायची, "ओस्मार, भात गार होतोय."

बाबा वाईट माणूस आहेत असं मला म्हणता येत नाही, हीच अडचण आहे. रोज संध्याकाळी ते आईच्या पाठीला कापराचं मलम चोळतात, तिच्या गोळ्या तिच्याआधी त्यांना आठवतात. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मी सांगितलं तेव्हा ते गाडी पुसत होते.

"मग हिला कुठं ठेवू?"

"रस्त्यावर. सगळे ठेवतात, बाबा."

"पावसात? तुझ्या आईनं केलेली गाडी?"

"आईनं मलाही केलंय. मी रोज पावसातनंच जाऊन येते."

ते हसले. विनोद त्यांना आवडला. फडकं काही थांबलं नाही.

मे महिन्यात एका रविवारी बाबा गाडीत बसले आणि खुर्चीसकट चार बोटं खाली गेले. तळ फुटला होता. सोमवारी गाडी ओढून निवाल्दोच्या गॅरेजात नेली. निवाल्दो आमच्याच गल्लीतला, जुन्या गाड्यांखाली पडून पडून त्याची पाठ वाकलीय. बाबांनी मला सोबत नेलं, "तू नीट ऐकून घे, मला राग आला की ऐकू येत नाही." बेतीना माझ्या कडेवर झोपली होती.

निवाल्दोनं गाडीखाली शिरून पेचकस टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर येऊन त्यानं हात पुसले.

"सेऊ ओस्मार, गाडी किती वेळा धुता?"

"दर रविवारी. चाळीस वर्षांत चुकलो नाही."

"खालून-आतूनसुद्धा?"

"पाईप लावून."

"फायबरला काही होत नाही हो. पण फायबरच्या पोटात लोखंड असतं. पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नाही. वरून बघावं तर कालची नवरी." निवाल्दोनं पेचकसाच्या टोकावरचा लाल भुगा फुंकला. "तुम्ही गाडी धुतली नाहीत. घेवड्यासारखी भिजत घातलीत."

बाबांनी खाली पडलेल्या भुग्यावरून बोट फिरवलं. मला त्यांची दया आली. इतक्या मनापासून केलेली गोष्ट.

निवाल्दोनं दोन वाटा सांगितल्या. एक, वरचं अंग उचलून बाजूला ठेवायचं, खालचा सांगाडा नव्यानं करायचा, वर्षाचं काम. दुसरी, एका म्हाताऱ्या दंतवैद्याच्या बायकोकडे हीच गाडी आहे, लाल, त्याच सालची, नवऱ्यामागं ती विकायला काढलीय. सांगाडा ठणठणीत. शिवाय तिला काळी नंबरपाटी मिळालेली आहे. जशी जन्मली तशीच राखलेल्या जुन्या गाडीला आमच्याकडे ही पाटी मिळते, आणि बाबा तिच्यासाठी वीस वर्षं झुरतायत. "ती घ्या, आणि ही मला द्या. कापून सुटे भाग करतो."

"निवाल्दो, तू तुझी आई बदलशील?"

"माझी आई अजून गंजली नाही, सेऊ ओस्मार."

"दुरुस्तच कर. वर्ष लागू दे, दोन लागू दे. त्या टपाखाली झोराइदे आहे."

मी म्हटलं, "बाबा, म्हणजे वर्षभर खालची जागा रिकामी. आईचा पलंग आणूया?"

"आण की. मी कुठं नाही म्हटलं?"

"आणि वर्षानं गाडी परत आली की?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

वर्षानं आई पुन्हा वर. तो हिशेब त्यांच्या मनात कुठंच बोचला नाही. मी पुढं ताणलं नाही, कारण वर्ष म्हणजे वर्ष. आईकडे किती आहेत कुणाला माहीत.

अंग उचलायचं तर आधी टपाचं अस्तर काढावं लागतं. बाबांनी निवाल्दोला बजावलं, मी असल्याशिवाय हात लावू नकोस. शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून ते निघाले. आईला म्हणाले, "चल, तुझं बटण बघायला."

"उतरेन रे. चढवणार कोण?"

म्हणून मी आणि बेतीना गेलो. निवाल्दोनं अस्तराच्या कडा सोडवल्या, कापड खाली आलं, त्यासोबत पिवळा भुसा आमच्या डोक्यांवर. बाबांनी विजेरी धरली. मागच्या काचेजवळ खूण होती. बाबांनी बोटाला थुंकी लावून ती पुसली. कंगव्याचे दात होते. अकरा दात, मधला एक तुटलेला.

त्यांनी सगळा टप धुंडाळला. खांबांच्या आत, काचांच्या कडांना. निवाल्दो उगाच हत्यारं पुसायला लागला.

"एखाद्या दिवशी आईनं कंगवा..." मी म्हटलं.

"ती बटणच दाबायची."

रस्त्यात ते फक्त एकदा बोलले. "तिला सांगू नकोस. वाईट वाटेल तिला."

मी चपला काढायच्या आत सांगितलं. आई स्वयंपाकघरात बसून कसाव्याचे कंद सोलत होती. सुरी थांबलीसुद्धा नाही.

"तुटक्या दाताचा? तो सेलेस्तेचा. टप तीच करायची, उंच होती. माझा हात पोचायचा नाही."

"तुला माहीत होतं?"

"मी त्या टपाला आयुष्यात हात लावला नाही, मला कसं माहीत नसणार?"

"मग बाबांना कधी सांगितलं का नाहीस?"

"त्यानं कधी विचारलं? मी तिथं काय करायचे, दिवसभर कुठल्या साच्यापुढं उभी असायचे, एकदाही विचारलं नाही. त्याचं ठरलेलं होतं. लोकांना सांगायचा, मी भात वाढायचे."

मी तिच्यासमोर बसले. चाळीस वर्षांचं सोडा, तीस वर्षांत मी तरी कुठं विचारलं होतं. "काय करायचीस तू?"

तिनं दोन दमांत उत्तर दिलं. "झाकणं. इंजिनावरची."

"आपल्या गाडीचं...?"

"आपल्याही. आतनं, डाव्या कोपऱ्यात, काजळी आहे त्याच्यावर. गाडी घरी आली त्याच दिवशी हात घालून बघितलं मी. चार भोकं."

मी उठून जिन्याकडे निघाले. बाबा खाली रिकाम्या जागेत एकटे बसले होते. दोन वाक्यांत त्यांचा जीव भांड्यात पडला असता. आईनं माझं मनगट धरलं. तिची बोटं कसाव्याच्या चिकानं चिकट झाली होती.

"बस खाली. त्याला कळलं तर गाडी परत येईल."

"आई."

"मला खाली झोपायचंय, लिदिया. दाराजवळ."

तिनं आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. माझ्या बाळंतपणात माझ्यासाठी मागायची, बाबांसाठी मागायची. मी परत बसले आणि तिच्याबरोबर कसावा सोलायला लागले. बेतीना सालांशी खेळत होती. आम्ही दोघी चोर असल्यासारख्या एकमेकींकडे बघत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी बाबांनी निवाल्दोला निरोप दिला, दुरुस्त करू नकोस, काप. किल्लीच्या कडीतलं बटण काढून त्यांनी स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं, सुतळी आणि मेणबत्त्यांबरोबर. बटण आईचंच होतं, पण आता त्यालाही शिक्षा. जेवताना ते आईशी जरा जास्तच हळू बोलत होते, जणू तीच कशात तरी पकडली गेली होती.

मी तळमजला घासून काढला. तेलाचा डाग निघाला नाही, त्यावर सतरंजी टाकली. टेपनं मोजलं: पलंग, यंत्र, बेतीनाचा पाळणा, सगळं बसत होतं. पाववाल्याचे दोघे भाऊ रविवारी पलंग उतरवून देणार होते. आईला तोवर धीर नव्हता. गुरुवारी ती हळूहळू उतरली आणि दारात खुर्ची टाकून बसली. शुक्रवारीही. पाववाला रस्ता ओलांडून तिला चीजचे गरम पाव देऊन गेला, म्हणाला, "दोना झोराइदे, तुम्ही जिवंत आहात होय?" ती म्हणाली, "अर्धी. अर्धाच पाव दे." दोन वर्षांत मी तिला असं चुरचुरीत बोलताना ऐकलं नव्हतं.

शनिवारी दुपारी दारात हॉर्न वाजला.

लाल गाडी होती, आणि तिच्यात बाबा. काळी पाटी उन्हात चमकत होती. ते उतरले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता, की मला आधी वाटलं, इस्पितळातून काही चांगला निरोप आलाय.

"चाळीस वर्षं मी भलत्याच बाईच्या टपाखाली बसलो," ते आईला म्हणाले. "तुझा अपमानच झाला तो. आता ही बघ. अस्तर काढून बघू एकदा. त्याच सालची आहे. कुणी सांगावं, हिचा टप तुझाच असेल."

"असेल," आई म्हणाली.

"बाबा, पलंग उद्या येणार आहे," मी म्हटलं.

"दंतवैद्यानं हिला कधी उघड्यावर ठेवली नाही, पोरी. एक पाऊस लागला तर पाटी जाईल. जरा थोडे दिवस. मी काहीतरी बघतो ना." मग आईकडे वळून, अगदी मायेनं, "झोराइदे, तेवढी खुर्ची."

आई उठली. खुर्ची तिनं स्वतःच ओढायला घेतली, मी हातातून काढून घेतली. गाडी सावकाश आत आली, सतरंजीवर चढली आणि जिथं यंत्र बसणार होतं तिथं तिचं लांब नाक येऊन थांबलं. मागचं झाकण दाराकडे होतं. आई त्याच्या जवळून गेली. डावा कोपरा तिच्या हाताशी होता. तिनं पदरात घ्यावा तसा हात झग्यात गुंडाळून घेतला आणि जिन्याकडे वळली.

सातव्या पायरीवर ती बसली. मी उशी आणली. बेतीना चढत चढत आली, शेजारी टेकली, चंबू करून फूऽऽ केलं. खालून बाबांचा आवाज आला, आनंदात, "लिदिया, पाण्याचा पाईप कुठाय गं? धूळ बसलीय हिच्यावर."

"नळाला आहे, बाबा," मी म्हटलं. "दर रविवारी धुवा हं. खालून-आतूनसुद्धा."

आई हसली. हसण्याचा खोकला झाला, तो बराच वेळ चालला. मी तिची पाठ चोळत राहिले. दम परत आला तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली,

"चाळीस वर्षं लागतात गं त्याला."